पावणेआठला तळ फाटला

१७ जून २०१३, सोमवार. सकाळी चोराबारी तलाव फुटला, केदारनाथवर पाण्या-दगडांचा लोंढा आला आणि पुढचे कितीतरी दिवस देशाला दुसरं काही दिसलं नाही. त्याच सकाळी, थोड्याच वेळाने, अरबी समुद्रात ३१६ मीटर लांबीचं एक कंटेनर जहाज मधोमध मोडलं. माणूस एकही गेला नाही, त्यामुळे बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपली. जहाजबांधणीच्या जगात मात्र त्या चार ओळींनी जी खळबळ माजवली ती पुढे तीन वर्षं शमली नाही.

बीड जिल्ह्याला समुद्र नाही, बंदर नाही. पण त्या वर्षी बीडचं सगळं लक्ष समुद्राकडेच होतं. २०१२ चा पाऊस दगा देऊन गेला होता. उन्हाळा चारा छावण्यांत आणि टँकरच्या रांगांत गेला होता, आणि मृग लागल्यापासून जो तो नैर्ऋत्येच्या वाऱ्याची वाट बघत होता. तो वारा सोमालियाच्या किनाऱ्यावरून जोर घेतो, अख्खा अरबी समुद्र ओलांडतो, घाटमाथ्यावर बरंचसं पाणी सांडतो आणि उरलंसुरलं घेऊन मराठवाड्यात पोचतो. जूनमध्ये त्याच्या वाटेत जे जहाज सापडेल त्याला तो काय देतो, हे गेवराईच्या बांधावरून दिसायचं कारण नाही.

हा घटनाक्रम १७ जूनच्या पहाटेपासून सुरू केला तर गोष्ट वादळाची होईल, आणि ती खोटी होईल. सुरुवात पाच वर्षं मागून करायला हवी.

पाच वर्षं आधी. नागासाकी, २००८

नागासाकीला मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीजच्या कारखान्यात जहाज बांधून झालं. नाव 'एपीएल रशिया'. २०१२ मध्ये ते बदलून 'एमओएल कम्फर्ट' झालं. रुंदी ४५.६ मीटर, आणि वीस फुटी पेटीच्या हिशोबात क्षमता ८,११० पेट्यांची. झेंडा बहामाचा, चालवणारी कंपनी जपानची मित्सुई ओएसके लाइन्स, आणि जहाज ठाकठीक असल्याचा दाखला देणारी वर्गीकरण संस्थाही जपानचीच, क्लासएनके. याच आराखड्याची आणखीही जहाजं निघाली. दर्यावर्दी भाषेत त्या तिच्या बहिणी. त्या बहिणी पुढे फार महत्त्वाच्या ठरणार आहेत.

कंटेनर जहाजाची एक मूळची अडचण असते. तेलवाहू जहाजाला वरून सलग डेक असतो. कंटेनर जहाजाला वरच्या बाजूला जवळपास सगळी मोकळी तोंडंच, कारण क्रेनला पेटी थेट तळापर्यंत सोडायची असते. मग वरच्या अंगाची सगळी ताकद दोन्ही कडांच्या अरुंद पट्ट्यांतून काढावी लागते. जहाज जेवढं मोठं, तेवढे हे पट्टे जाड. जाड पोलाद जोडायला अवघड, आणि त्यात एकदा चीर पडली की ती धावत सुटण्याची भीती मोठी. म्हणून या मालिकेत पहिल्यांदाच एक नवं, जास्त ताकदीचं पोलाद वापरलं. दर चौरस मिलिमीटरला ४६० न्यूटनचा ताण येईपर्यंत कायमचं न ताणलं जाणारं. ताकद जास्त म्हणून जाडी कमी ठेवता आली. त्या काळी हे पाऊल अभिमानाचं होतं, आणि असायलाच हवं होतं.

आता दुसरी गोष्ट. कंटेनर जहाज वेगासाठी पुढून-मागून निमुळतं असतं आणि पोटात फुगीर. पाणी पोटाला भरपूर उचलून धरतं, टोकांना कमी. पेट्यांचे थर मात्र टोकांकडेही रचलेले असतात. त्यामुळे बंदरात, संथ पाण्यात उभं असतानाही जहाजाचा मध्य किंचित वर आणि दोन्ही टोकं किंचित खाली असतात. या वाकण्याला हॉगिंग म्हणतात. वरचा डेक सतत ताणलेला, खालचा तळ सतत दाबलेला. लाटेचा माथा नेमका मध्याखाली आला की हे वाकणं वाढतं. माथा सरकला की कमी होतं. दर दहाबारा सेकंदांनी, वर्षानुवर्षं.

ताणलेलं पोलाद फाटतं, हे कुणालाही समजतं. दाबलेल्या पत्र्याचं तसं नसतं. तो आधी किंचित फुगतो, त्याला पोक येतो, आणि पोक आलेला पत्रा पूर्वीइतका भार पेलत नाही. तो शेजारच्यावर ढकलतो. नव्या पोलादाची सगळी चर्चा डेकसाठी होती. तळाला होतं ते आधीपासून वापरातलंच पोलाद.

तीन आठवडे आधी. मे २०१३

वर्गीकरण संस्थेची ठरलेली तपासणी झाली. जहाज पास झालं. कागदपत्रं चोख होती.

सहा दिवस आधी. ११ जून, सिंगापूर

जहाज सिंगापूरहून जेद्दाहसाठी निघालं. पोटात आणि डेकवर मिळून ४,३८२ पेट्या, म्हणजे वीस फुटी हिशोबात ७,०४१. क्षमतेच्या मानाने गच्च भरलेलं नाही. खलाशी आणि अधिकारी मिळून २६ जण: १४ फिलिपिनो, ११ रशियन, १ युक्रेनियन.

निघण्याआधी जहाजावरच्या संगणकात कुठल्या रांगेत किती टनाची पेटी आहे ते भरलेलं असतं. त्यावरून तो जहाज किती वाकणार याचा हिशोब मांडतो, आणि आकडा मर्यादेत असेल तर हिरवा कंदील देतो. संगणकाची यात चूक नसते. त्याला जे वजन सांगितलं त्याचंच तो गणित करतो.

आणि ते वजन कुठून यायचं? इथे बीडच्या वाचकाला फार समजवायला नको. कारखान्यावर उसाची ट्रॉली आली की भरलेली गाडी काट्यावर जाते, खाली करून रिकामी गाडी पुन्हा काट्यावर जाते, दोन्ही आकडे पावतीवर येतात. काटा मारल्याचा संशय आला तर शेतकरी आधी खाजगी काट्यावर वजन करून मग कारखान्यावर जातो. भांडणं होतात, आंदोलनं होतात, पण काटा असतो. २०१३ मध्ये समुद्रावर जाणारी भरलेली पेटी काट्यावर चढलीच पाहिजे, अशी आंतरराष्ट्रीय सक्ती नव्हती. माल पाठवणाऱ्याने वजन कळवायचं एवढाच नियम. त्याने कळवलं, ते खरं धरलं. माजलगावच्या जिनिंगमधून निघालेल्या गाठी न्हावाशेव्याहून बाहेरदेशी जातात तेव्हा जिनिंगला दर गाठीचं वजन माहीत असतं. जहाजाच्या कप्तानाला मात्र माहीत असतो तो फक्त कागद.

याचा धडा आधीच मिळून गेला होता. १८ जानेवारी २००७ ला इंग्लिश खाडीत 'एमएससी नापोली' या ४,४१९ पेट्यांच्या क्षमतेच्या जहाजाला वादळात इंजिनघराजवळ चिरा गेल्या. तेव्हाही जहाजावर योगायोगाने २६च माणसं होती. हेलिकॉप्टरने सगळ्यांना उचललं. जहाज ओढत नेऊन इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रान्सकोमजवळ टेकवलं, आणि वाहून आलेल्या पेट्यांतला माल उचलायला गावोगावचे लोक धावले. ब्रिटिश तपासनिसांनी मात्र एक साधं काम केलं. डेकवरच्या ज्या सुमारे ६६० पेट्या कोरड्या राहिल्या होत्या त्या सगळ्या तोलल्या. १३७ पेट्यांचं वजन कागदापेक्षा तीन टनांहून जास्त फरकाचं निघालं. एका पेटीत फरक २० टनांचा. या १३७ पेट्या मिळून कागदावरच्या आकड्यापेक्षा ३१२ टन जड भरल्या.

हा अहवाल २००८ चा. म्हणजे नागासाकीत आपलं जहाज तयार होत होतं त्याच वर्षीचा. वजन तोलण्याची सक्ती त्यानंतरही आली नाही. पेटी उघडायची, तोलायची तर रांग लागते, बंदर तुंबतं, पैसा लागतो; आणि जास्त जड पेटीने बुडालेलं जहाज रोज दिसत नाही.

'कम्फर्ट'वरच्या पेट्या निघताना खरंच किती जड होत्या, याचा पुरावा पुढे कुणाच्याच हाती येणार नव्हता. वजनामुळेच जहाज मोडलं असा दावा म्हणूनच करता येत नाही. वजन हा एक अनोळखी आकडा होता एवढंच, आणि असे आकडे या गोष्टीत एकाहून जास्त आहेत.

पाच दिवस ते एक रात्र. १२ ते १६ जून

मलाक्काची सामुद्रधुनी, मग बंगालच्या उपसागराचं दक्षिण तोंड, श्रीलंकेला वळसा, मग अरबी समुद्र. व्यापारी जहाजांचा हा हमरस्ता आहे. त्यावरून वर्षभर जहाजांची रीघ असते.

त्या वर्षी मान्सून विलक्षण घाईत होता. १ जूनला केरळात आला, आणि एरवी ज्या मान्सूनला सगळा देश व्यापायला १५ जुलै उजाडतो त्याने १६ जूनलाच ते काम उरकलं. एका महिन्याची आघाडी. दुष्काळातून बाहेर पडणाऱ्या मराठवाड्यात त्या बातमीने सुटकेचा श्वास टाकला असेल. तोच वारा पश्चिमेकडे, साठ अंश रेखांशाच्या आसपास, डाव्या अंगाने जहाजावर आदळत होता.

१७ जून, पहाट

जागा: १२ अंश ३० मिनिटं उत्तर, ६० अंश पूर्व. एडनच्या आखाताचं तोंड पुढे, येमेनचा किनारा उत्तर-पश्चिमेला, मुंबई मागे सुमारे ८४० सागरी मैलांवर, म्हणजे साडेपंधराशे किलोमीटर.

नैर्ऋत्येचा वारा, ब्युफोर्टच्या मोजपट्टीवर सात. ताशी पन्नास-साठ किलोमीटर. लाटांची उंची साधारण साडेपाच मीटर. जहाजाचा वेग ताशी १७ सागरी मैल.

'खराब हवामानात जहाज मोडलं' हे वाक्य त्या आठवड्यात जगभर छापलं गेलं. हवामान खराब होतं, हे खरंच. दोन मजली इमारतीएवढी लाट छोट्या होडीला जीवघेणी असते. पण ३१६ मीटर लांबीच्या, पाच वर्षं वयाच्या, तीन आठवड्यांपूर्वी तपासून घेतलेल्या जहाजासाठी जूनच्या अरबी समुद्रातली साडेपाच मीटरची लाट ही नेहमीची बाब आहे. असली जहाजं बांधली जातात ती उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्याचा हिशोब धरून. 'कम्फर्ट'ने पाच वर्षांत याहून वाईट दिवस बघितले नसतील असं मानणं कठीण आहे.

म्हणजे लाटेने जहाज मोडलं असं म्हणायचं तर आधीच्या हजारो लाटांनी ते का मोडलं नाही, हेही सांगावं लागेल.

सकाळी ७.४५

जहाजावरच्या घड्याळात पावणेआठ. भारतात सव्वानऊ.

जहाजाच्या तळाला दोन थर असतात, मध्ये पोकळी. त्या पोकळीतून पाइप आणि वायरींसाठी मधोमध एक बोगदा पुढून मागे जातो. सहाव्या क्रमांकाच्या कोठाराखाली त्या बोगद्यात पाणी चढल्याची घंटा ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकण्याच्या खोलीत, वाजली. सहावं कोठार म्हणजे बरोबर जहाजाचा मध्य. पाठोपाठ कोठारातच पाणी भरू लागलं.

तळाची घंटा पहिली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. डेक फाटला असता तर तो वरच्यांना आधी दिसला असता. इथे वर सगळं जागच्या जागी होतं आणि खाली, पाण्याच्या पृष्ठभागापासून कित्येक मीटर खोल, बाहेरचा पत्रा उघडला होता. पाच वर्षं दाबला जाणारा तळ त्या सकाळी शेवटचा दबला. ज्या पत्र्याने भार पेलायचा तो वाकला, त्याचा भार शेजारच्यावर गेला, तोही वाकला. नंतर चीर तळातून निघून दोन्ही कुशींच्या पत्र्यावरून वर चढू लागली.

शेवटपर्यंत धरून राहिला तो डेक. ज्या पोलादाकडे पुढे सगळ्यांनी आधी बोट दाखवलं, तेच पोलाद दोन तुकड्यांना सर्वांत जास्त वेळ एकत्र धरून होतं. मदतीला आलेल्या जहाजांवरून काढलेली छायाचित्रं पुढे जगभर फिरली. मध्य वर आलेला, दोन्ही टोकं खाली झुकलेली, मधल्या भेगेतून पाणी आत-बाहेर, आणि दोन्ही बाजूंना पेट्यांचे थर बहुतेक जसेच्या तसे. हॉगिंग समजावून सांगायला इतकं स्पष्ट चित्र कुठल्या पाठ्यपुस्तकात मिळणार नाही.

पुढचे काही तास

कप्तानाने जहाज सोडायचा निर्णय घेतला. एक लाइफबोट, दोन तराफे, २६ माणसं. खवळलेल्या समुद्रात उंच जहाजावरून लाइफबोट खाली सोडणं हेच कितीदा तरी जिवावर बेततं. इथे सगळे सुखरूप उतरले. या सगळ्या घटनाक्रमात मनाजोगती झालेली ही एकच गोष्ट.

मदतीची हाक मुंबईत आली. शोध आणि बचावासाठी समुद्राचे भाग देशादेशांत वाटून दिलेले असतात, आणि अरबी समुद्राचा मोठा पट्टा भारताच्या वाट्याला आहे. तो सांभाळतं तटरक्षक दलाचं मुंबईतलं सागरी बचाव समन्वय केंद्र. वाचकाला वाटेल, मग मुंबईहून हेलिकॉप्टर का नाही गेलं? साडेपंधराशे किलोमीटर जाऊन माणसं उचलून परत येईल असं हेलिकॉप्टर नसतं. जहाज पाठवलं तर दोन-अडीच दिवस. इतक्या लांब समुद्रात मदत म्हणजे जवळपासचं दुसरं व्यापारी जहाज, आणि समन्वय केंद्राचं काम ते शोधून वळवणं. मुंबईने तीन जहाजं वळवली. त्यातल्या जर्मन झेंड्याच्या 'यांतियान एक्स्प्रेस'ने २६ जणांना वर घेतलं आणि कोलंबोला नेलं.

दुसऱ्याचा माल वेळेवर पोचवायचा सोडून वाट बदलणाऱ्या अशा जहाजांची नावं बातम्यांत क्वचित राहतात. म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

तोवर डेकही सुटला होता. जहाजाचे दोन तुकडे झाले.

दुसरा दिवस ते अकरावा. १८ ते २७ जून

दोन्ही तुकडे बुडाले नाहीत. कोठारांच्या मध्ये आडव्या पोलादी भिंती असतात, त्यामुळे सहावं कोठार उघडं पडलं तरी त्याच्या पुढची आणि मागची कोठारं बंदच राहिली. मोडताना काही पेट्या समुद्रात गेल्या, पण बहुतेक माल जिथल्या तिथे. चालतं इंजिन नाही, सुकाणू नाही, माणूस नाही. मान्सूनचा वारा आणि प्रवाह दोन्ही तुकड्यांना पूर्व-ईशान्येकडे, म्हणजे आपल्या बाजूला, ढकलत निघाले.

मुंबईत याची धास्ती असायला कारण होतं. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' यांची टक्कर झाली होती. तिरक्या झालेल्या 'चित्रा'वरून पेट्या पाण्यात सांडल्या, त्यात कीटकनाशकांच्याही होत्या, मुंबई आणि जेएनपीटीची वाहतूक दिवसेंदिवस ठप्प झाली आणि तेल किनाऱ्याला लागलं. पाण्यात अर्धी बुडून तरंगणारी पेटी रडारला नीट दिसत नाही. रात्री मासेमारी करणाऱ्या ट्रॉलरला तर मुळीच नाही.

मोडतोड झालेली जहाजं ओढणाऱ्या कंपनीच्या टग बोटी पोचल्या. २४ जूनला पुढच्या तुकड्याला दोर लागला. खराब हवेत तो तुटला, पुन्हा लावला. मागचा तुकडा तसाच वाहत राहिला. कोसळत्या मान्सूनमध्ये मोडक्या पोलादावर माणूस चढवून दोर बांधणं काय असतं याची कल्पना करून बघा. ज्यांना ते काम दूरून संथ वाटलं त्यांनी ते केलेलं नसणार.

२७ जूनला मागचा तुकडा बुडाला. त्यात सुमारे १,७०० पेट्या होत्या, इंजिन होतं, ब्रिज होता, टाक्यांमध्ये सुमारे दीड हजार टन इंधन होतं. खोली सुमारे चार हजार मीटर.

याच दिवसांत बंदरांमध्ये एक वेगळीच धावपळ चालली होती. बहिणींच्या पोटाखाली पाणबुडे उतरत होते.

विसावा दिवस. ६ जुलै

पुढचा तुकडा अरबी आखाताच्या दिशेने ओढत नेत असताना त्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे मोडलेल्या टोकाकडे, आग लागली. पेट्यांना लागलेली आग विझवणं जमिनीवरही अवघड असतं. पेटी बंद, आत काय ते कागदावर, पाणी बाहेरून मारायचं, आणि शेजारची पेटी तापत जाते. माणूस चढवता येत नसेल तर लांबून फवारे मारत राहणं एवढंच उरतं. टग बोटी होत्या, तटरक्षक दलाचं जहाजही मदतीला गेलं. आग पाच दिवस पुढे सरकत राहिली.

११ जुलै

१९ अंश ५६ मिनिटं उत्तर, ६५ अंश २५ मिनिटं पूर्व. हे डहाणूच्या जवळजवळ सरळ पश्चिमेला येतं, साडेसातशे किलोमीटरच्या थोडं पुढे. पुढचा तुकडा तिथे बुडाला. सुमारे २,४०० पेट्या, त्यातल्या बहुतेक जळालेल्या, आणि सुमारे सोळाशे टन इंधन. खोली तीन हजार मीटर. जहाज मोडल्यापासून पंचविसावा दिवस.

एवढ्या मोठ्या कंटेनर जहाजाचा संपूर्ण माल याआधी कधी असा गेला नव्हता. तपासनिसांच्या दृष्टीने त्याहून मोठं नुकसान वेगळंच होतं. तीन-चार किलोमीटर खोल गेलेलं पोलाद वर काढून चिरेची सुरुवात सूक्ष्मदर्शकाखाली बघता येत नाही. 'नापोली'च्या वेळी पेट्या तोलता आल्या होत्या. इथे काहीच हाती नव्हतं.

बहिणी

पुरावा उरला होता तो जिवंत बहिणींच्या अंगावर. पाणबुड्यांना त्यांच्या तळाला, मध्यरेषेजवळ, जहाजाच्या मध्यभागी, पत्र्यात वर-खाली पोक आलेले सापडले. काही ठिकाणी वीस मिलिमीटरच्या आसपास. जवळपास बोटाच्या रुंदीएवढं पोलाद आत किंवा बाहेर सरकलेलं. ही जहाजं मालाने भरून जगभर फिरत होती आणि सगळ्यांचे दाखले चालू होते.

तपासण्या होत नव्हत्या असं नाही. तळ हा पाण्याखालचा भाग. सुक्या गोदीत गेल्यावर तो दिसतो, आणि प्रचंड सपाट पत्र्यावरचा वीस मिलिमीटरचा उंचवटा खालून, ठोकळ्यांच्या मधून, अंधारात डोळ्यांना सहज दिसत नाही. कुणी पोक मोजायचा ठरवून गेला तरच सापडतो. ठरवून जायला जहाज बुडावं लागलं.

मित्सुईने आपल्या ताब्यातल्या बहिणी सेवेतून काढल्या आणि त्यांच्या तळाला जादा पोलाद चढवून ताकद नियमाने लागते त्याच्या दुपटीवर नेण्याचं जाहीर केलं. हे कौतुकास्पद खरं. पण दुप्पट करता येत होतं, तर पहिल्यांदा एवढ्यावर का थांबले, हा प्रश्न त्या घोषणेतूनच उगवतो. उत्तर कुणी लपवलेलं नाही. तळाला चढवलेला प्रत्येक टन म्हणजे भाड्याच्या मालाचा एक टन कमी, आणि वर जास्तीचं इंधन.

जपान सरकारने मोठ्या कंटेनर जहाजांच्या सुरक्षिततेसाठी समिती नेमली. क्लासएनकेनेही वेगळा तपास केला. सुरुवातीला संशय डेकच्या नव्या पोलादावर होता. तो लवकरच मागे पडला, कारण घंटा तळाची वाजली होती आणि पोक तळाला सापडले होते.

मग आली खरी पंचाईत. समितीने जहाजाची ताकद संगणकावर पुन्हा मांडली, त्या सकाळच्या लाटा मांडल्या, कागदावरचं वजन मांडलं, आणि गणिताने सांगितलं की जहाज मोडायला नको होतं. ताकद भारापेक्षा जास्त होती. समुद्राने मात्र गणित ऐकलं नव्हतं.

म्हणून एकेक अनोळखी आकडा पुन्हा हातात घेतला गेला. लाट अंदाजाहून थोडी मोठी असेल. पोलादाच्या ताकदीत पत्र्यागणिक थोडाफार फरक असतोच, तो नको त्या बाजूला असेल. लाट नाकाडावर आदळल्यावर सगळ्या जहाजाला जी थरथर सुटते तिने वाकण्यात भर घातली असेल. पेट्या कागदापेक्षा जड असतील. आणि सर्वांत मोलाचा सापडलेला मुद्दा असा: जहाज लांबीभर वाकतं तेव्हा तळ दाबला जातो, त्याच क्षणी खालून पाणी तोच तळ आत ढकलत असतं. दोन्ही भार एकाच पत्र्यावर, एकाच वेळी. जुन्या नियमांत या दोन्हींचा हिशोब वेगवेगळ्या पानांवर होता. प्रत्येक पान स्वतंत्रपणे बरोबर होतं.

समुद्रात पत्रा एकच असतो. हे सगळे फरक एकत्र, नको त्या बाजूला झुकले, तर गणितातही जहाज मोडत होतं.

माझ्या मते या अहवालांचा सगळा अर्थ या एका जागी आहे. कुणी भ्रष्टाचार केला म्हणून जहाज मोडलं असं कुठेही निघालं नाही. कुणी दारू पिऊन सुकाणू धरलं नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या पानावरचा आकडा बरोबर भरला होता, आणि त्यातल्या निम्म्या आकड्यांची पडताळणी कुणाचंच काम नव्हतं.

२०१५ आणि १ जुलै २०१६

वर्गीकरण संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१५ मध्ये कंटेनर जहाजांसाठी नवे नियम आणले. लांबीभर वाकणं आणि तळावरचा पाण्याचा दाब यांचा विचार आता एकत्र करायचा, मोठ्या जहाजांत थरथरही धरायची. हे नियम १ जुलै २०१६ पासून बांधणीचा करार झालेल्या जहाजांना लागू. आधीची जहाजं समुद्रावर आहेत ती आहेतच.

त्याच १ जुलैपासून आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारात भरलेल्या पेटीचं पडताळलेलं वजन सक्तीचं झालं. पडताळलेलं वजन नसेल तर पेटी जहाजावर चढवायची नाही. मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयाने भारतात ते लागू केलं, आणि न्हावाशेव्याला माल पाठवणाऱ्या मराठवाड्यातल्या निर्यातदारांनाही काट्याची पावती जोडायची सवय लावून घ्यावी लागली.

पडताळणीच्या पद्धती दोन ठेवल्या आहेत. पहिलीत भरलेली, सील केलेली पेटी सरळ काट्यावर घालायची. दुसरीत आतल्या मालाचं, खोक्यांचं, फळ्या-दोरांचं वजन वेगवेगळं करून त्याची बेरीज करायची आणि तिच्यात पेटीच्या दारावर रंगवलेलं रिकाम्या पेटीचं वजन मिळवायचं. दुसरी पद्धत सोयीची आहे. तिच्यात भरलेली पेटी काट्यावर चढतच नाही. बेरीज होते ती पुन्हा कागदावर.